खुडूक कोंबडीचा भाव

नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीत सकाळचं पहिलं काम डालं उचलायचं. मावशींनी ते तिरकं करताच तलंगा दाण्यांवर तुटून पडल्या. कोपऱ्यातली खुडूक मात्र पिसं फुलवून बसून राहिली. मावशींनी तिच्या पोटाखाली हात घातला, एकेक अंडं उन्हाकडे धरून पाहिलं, एक वांझ निघालं ते बाजूला ठेवलं. अकरा राहिली. खुडूक बसल्यापासून एकवीस दिवसांनी पिल्लं. ती मोठी झाली की वह्यापुस्तकं, दवाखाना, देवाचा मान, सगळं यांतूनच निघतं.

याच जिल्ह्यातल्या नवापुरात फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. 2021 च्या फेब्रुवारीत तो पुन्हा आला. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला की बाधित क्षेत्र जाहीर होतं. 2021 मध्ये ते एक किलोमीटर त्रिज्येचं होतं. पीपीई किट घातलेलं शीघ्र कृती दल आतले सगळे पक्षी मारतं आणि चुना टाकून खड्ड्यात पुरतं. घरच्या चार कोंबड्याही त्यातून सुटत नाहीत. सुटूही नयेत, हे मला पूर्ण मान्य आहे.

माझी तक्रार भरपाईबद्दल आहे. त्या वर्षीचे राज्याचे दर असे: अंड्यावरची मोठी कोंबडी 90 रुपये, मांसल पक्षी 70, लहान पिल्लू 20, अंडं 3 रुपये. सगळा हिशेब पोल्ट्रीच्या शेडचा. गावरान कोंबडी बाजारात चारशे-पाचशेला जाते, तिला त्यात वेगळा रकानाच नव्हता. खुडुकीखालची अकरा अंडी म्हणजे त्या दरानं 33 रुपये, मग आत पिल्लू तयार झालेलं का असेना. पथक पोहोचण्याआधी मेलेल्या पक्ष्यांचं तर काहीच मिळत नाही. शेडवाल्याकडे निदान पक्ष्यांच्या नोंदी असतात. झोपडीतल्या बाईकडे कसली नोंदवही?

“पथक आलं तर काय कराल?” मी विचारलं.

“डालं डोक्यावर घेऊन माहेरी जाईन, दादा.”

धोका नेमका इथेच आहे. आजारी कोंबडी अशीच परिघाबाहेर जाते आणि रोगही तिच्यासोबत जातो. गरिबाच्या गळ्याला नियम जास्त आवळला की तो नियम सगळ्यांसाठीच सैल होतो. गावरान कोंबडीला त्या आठवड्याचा बाजारभाव द्या, खुडुकीखालची अंडी पिल्लं म्हणून मोजा, आणि पंचनामा झाला की पैसे त्याच दारात, घरच्या बाईच्या हातात द्या.