ग्रेट लॉन व टर्टल पाँड

न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन विभागातील सेंट्रल पार्क या उद्यानातील (क्षेत्रफळ सु. ३४१ हेक्टर) विस्तीर्ण हिरवळ व तिच्या दक्षिणेकडील तळे. हिरवळीचे क्षेत्रफळ सु. ५ हेक्टर असून आकार लंबवर्तुळाकार आहे. दोन्ही स्थळे निसर्गनिर्मित भासत असली, तरी ती एका जुन्या जलाशयाच्या जागी निर्माण करण्यात आली आहेत.

पटकीची साथ (१८३२) व भीषण आग (१८३५) यांनंतर शहरास मुबलक व स्वच्छ पाण्याची निकड जाणवली. त्यासाठी क्रोटन नदीचे पाणी सु. ६६ किमी. लांबीच्या जलवाहिनीने आणून १८४२ पासून येथील आयताकार जलाशयात साठविण्यात येऊ लागले. उद्यानाचे रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड व कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांना १८५८ च्या आराखड्यात तो सामावून घ्यावा लागला. कॅट्‌स्किल पर्वतातील पाणी १९१७ मध्ये शहरात आल्यावर जलाशयाची गरज संपली. तो १९३० च्या सुमारास रिकामा झाला, तेव्हा जागतिक मंदीत बेघर झालेल्यांनी तेथे झोपड्या उभारल्या. १९३३ मध्ये त्या हटविल्यानंतर भरणी करून हिरवळ तयार करण्यात आली. दक्षिण टोकास बेल्व्हेडीअर या वास्तूच्या खडकापाशी तळे राखण्यात आले. त्यास १९८७ मध्ये टर्टल पाँड हे नाव मिळाले.

तळ्याकाठच्या डेलाकोर्ट थिएटरमध्ये (स्थापना १९६२) उन्हाळ्यात शेक्सपिअरच्या नाटकांचे विनामूल्य प्रयोग होतात. सायमन व गारफंकेल यांच्या मैफलीस (१९८१) सु. पाच लाख श्रोते आल्याचा अंदाज आहे. अण्वस्त्रविरोधी मेळाव्यासही (१९८२) प्रचंड जनसमुदाय लोटला होता. मात्र अशा वापराने माती दबून घट्ट झाली, पाणी मुरेनासे झाले व गवत नष्ट होऊन धुरळा उडू लागला. १९९५–९७ मध्ये माती बदलून जलनिःसारणाची व सिंचनाची सोय करण्यात आली. तळ्याच्या काठी स्थानिक वनस्पती लावून कासवांसाठी बेट तयार करण्यात आले. येथील कासवांपैकी बरीचशी पाळणाऱ्यांनी सोडून दिलेली आहेत.

हिवाळ्यात व जमीन ओली असताना हिरवळ बंद ठेवतात. २००४ मध्ये गवताच्या हानीचे कारण देऊन युद्धविरोधी सभांना परवानगी नाकारण्यात आली. त्यातून उद्‌भवलेला न्यायालयीन वाद २००८ मध्ये तडजोडीने मिटला; तथापि हिरवळीचे जतन व नागरिकांचा एकत्र येण्याचा हक्क यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न त्यामुळे ठळकपणे पुढे आला.