*आधी गिऱ्हाईक, मग बरणी*



वळवाच्या वाऱ्यात पडलेली कैरी व्यापारी मागेल त्या भावात देऊन टाकायची, हे दरवर्षीचं. यंदा देण्याआधी एवढं वाचा.

मुंबईत ठाकूरद्वारला लागून असलेल्या गिरगावात १९१० साली विश्वनाथ परशुराम बेडेकर यांनी किराण्याचं छोटं दुकान काढलं. लोणचं तेव्हा नव्हतं. पुढे मुलगा वासुदेव हाताशी आला आणि मसाले, लोणची सुरू झाली. आज ‘बेडेकर’ नाव घरोघरी आहे. गिऱ्हाईक आधी जोडलं, माल नंतर वाढवला. आपण बहुतेक वेळा उलटं करतो. कर्ज काढून मशीन आणतो आणि मग गिऱ्हाईक शोधत फिरतो.

तुमचं शेत रस्त्याला असेल तर तिथूनच सुरुवात करा. २०१६ पासून राज्यात फळं-भाजीपाला नियमनमुक्त आहे, बाजार समितीबाहेर थेट विकता येतो. ताजा माल मांडा. लोक काय मागतात, काय न घेता जातात, ते वहीत लिहा. लोणच्याची विचारणा होऊ लागली की थोडंच घाला.

✅ कडक, न ठेचलेली कैरी त्याच दिवशी घ्या. ठेचलेली वेगळी काढा.
✅ धुऊन पूर्ण कोरडी करा. पाण्याचा अंश राहिला की बुरशी आलीच.
✅ मीठ फोडींच्या वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के. वजन काट्यावरच करा, अंदाजाने नको.
✅ फोडींवर तेलाचा थर राहिलाच पाहिजे.
✅ अन्न सुरक्षा नोंदणी आणि लेबल नसेल तर बरणी विकू नका.

दर ठरवताना कैरी, तेल, मसाला, बरणी, गाडीभाडं आणि *घरच्या बायकांची मजुरीसुद्धा* धरा. ती धरली नाही तर नफा फक्त वहीतच दिसतो.

मशीनचा विचार नंतर. केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. सध्या अर्ज घेतात का, ते तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या.

शेवटचं, कंपनीच्या नावाने एक बरणी जरी खराब गेली तरी नाव सगळ्या सभासदांचं जातं. म्हणून पहिली बरणी घरी महिनाभर ठेवा, स्वतः खा, मगच विका.

कैरी किती किलो निघेल, ते गावाच्या नावासह याच नंबरवर कळवा.