फोटोतली खोली
नोकरी सांभाळून आम्ही दोघा भावांनी मुंब्र्यात इस्टेट एजंटांसाठी घरांचे फोटो काढण्याचा जोडधंदा सुरू केला. भांडवल म्हणजे जुना फुल-फ्रेम कॅमेरा, ट्रायपॉड आणि १६ मिलिमीटरची लेन्स. पहिल्याच कामात दहा बाय दहाची खोली हॉलएवढी दिसली. एजंट खूश! पण घर पाहायला कल्याणहून आलेलं कुटुंब दारातूनच परतलं. आजींनी आम्हाला एवढंच विचारलं, "बेटा, फोटोतली खोली कुठं आहे?"

तेव्हापासून आम्ही २४ मिलिमीटरची लेन्स लावतो, कॅमेरा छातीच्या उंचीवर सरळ ठेवतो, पडदे उघडून दिवसाच्या उजेडात फोटो काढतो. घरातली माणसं, औषधं, कागदपत्रं फोटोत येऊ देत नाही. आता गिऱ्हाईक फसत नाही, म्हणून तोच एजंट पुन्हा बोलावतो. कमाई थोडी, पण बरकत आहे.