शिकता शिकता चार पैसे

बारावीचा निकाल लागला की घरात दोन प्रश्न हमखास निघतात. ॲडमिशन कुठे घ्यायची, आणि खर्चाचं काय? फी भरून झाली तरी एस.टी.चा पास आहे, वह्या-पुस्तकं आहेत, मोबाइलचं रिचार्जही आहेच! नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतच्या मुलांना दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. कांदा, टोमॅटो, द्राक्षं यांची ही मोठी पेठ, आणि कॉलेजही गावातच.

मित्रांनो, टोमॅटोच्या हंगामात, म्हणजे पावसाळ्याच्या शेवटापासून दिवाळीच्या पुढेपर्यंत, इथल्या बाजार समितीत एकदा चक्कर मारा. वीस-वीस किलोच्या क्रेटने भरलेल्या पिकअप गाड्यांची ही रांग! लिलाव झाला की माल व्यापाऱ्याच्या गाळ्यावर जातो आणि तिथे लागतो लिहिणारा माणूस. कोणाचे किती क्रेट, भाव काय निघाला, खराब म्हणून किती बाजूला काढले, पट्टी किती रुपयांची झाली. कॉमर्सच्या पुस्तकात हे सगळं निवांत असतं. इथे एक शून्य चुकलं तर जाब विचारायला शेतकरी समोरच उभा! हमाली आणि तोलाई मात्र परवानाधारक हमाल-मापाड्यांची. त्यात आपण हात घालायचा नाही.

जानेवारी ते एप्रिल द्राक्षांचा मोसम. पॅकहाउसमध्ये कात्रीने घडातले खराब मणी काढायचे, वजन करून पेट्या भरायच्या. रोज चांगला मिळतो. पण खरी गोम इथेच आहे. मार्च-एप्रिल म्हणजे परीक्षेचेही दिवस! सकाळी जाऊन रात्री परतणारा मुलगा वाचणार कधी? 'एवढा महिनाच' म्हणत बुडालेले तास पुढे सहज भरून येत नाहीत. आई-बाबांनीही इथे जरा थांबून विचार करावा. दिवसभराच्या कामाला मी तरी या महिन्यांत नाहीच म्हणेन. दोन-तीन तासांचं मिळालं तर घ्यावं.

तेवढ्याच तासांचं काम कॉलेजातही मिळू शकतं, हे कित्येकांच्या गावीही नसतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना आहे आणि नाशिक जिल्ह्यातली कॉलेजं याच विद्यापीठाची. ग्रंथालय, ऑफिस, बाग अशी कामं असतात, तासांप्रमाणे मानधन मिळतं. योजनेला नाव कर्मवीर भाऊराव पाटलांचं. 1919 साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या अण्णांनी 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं. तिथे मुलं राबत आणि शिकत. तेव्हा लाजायचं कशाला? प्रवेश घेतानाच विद्यार्थी विकास विभागात चौकशी करावी.

आणि शाळकरी दोस्तांनो, तुम्ही इतक्यात बाजार समितीकडे धावू नका बरं! चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवणं कायद्याने गुन्हा आहे. शाळा सांभाळून घरच्या शेतात हात लावला तर चालतो. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याची कामं देता येत नाहीत.

काम कुठलंही असो, रोज किती, पैसे कधी आणि परीक्षेला सुट्टी मिळणार का, हे पहिल्याच दिवशी घरच्या मोठ्या माणसासमोर बोलून घ्या. द्राक्षाच्या कामाचं तर डिसेंबरातच विचारून ठेवावं. जानेवारीत पॅकहाउसवाल्याला बोलायलाही सवड नसते.