चकती गेली, माप राहिलं

मेनफ्रेमवर चार वर्षं काढलेल्या माणसाला 27,920 हा आकडा सांगावा, तो लगेच ओळखतो. 80 अक्षरांच्या ओळींची फाइल तयार करताना ब्लॉकचा आकार म्हणून हाच आकडा लिहायचा, असं त्याला त्याच्या वरिष्ठांनी शिकवलेलं असतं आणि वरिष्ठांना त्यांच्या वरिष्ठांनी. तो आला कुठून, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. आयबीएमने नोव्हेंबर 1989 मध्ये 3390 नावाची डिस्क जाहीर केली. तिच्या एका ट्रॅकवर, म्हणजे चकतीवरच्या एका वर्तुळावर, 56,664 बाइट मावत. एका ट्रॅकवर दोन ब्लॉक ठेवायचे तर मधल्या मोकळ्या जागा वजा जाऊन प्रत्येकाच्या वाट्याला 27,998 बाइट येतात. त्यात 80 ची ओळ 349 वेळा बसते. 349 गुणिले 80, म्हणजे 27,920.

आजच्या स्टोरेजच्या कपाटात यातलं काहीच नाही. आत फ्लॅशच्या चिप आहेत, फिरणारं काही उरलेलं नाही. तरी आयबीएमच्या मेनफ्रेमला विचारलंत की तुझा डेटा कशावर आहे, तर ती 3390 वर म्हणून सांगते. जागा मागायची ती सिलिंडरांत, म्हणजे एकावर एक येणाऱ्या ट्रॅकच्या गठ्ठ्यांत, मोजायची ट्रॅकमध्ये. माझ्या आजीच्या घरातली पायली कधीच हरवली होती, पण भात किती झाला ते ती शेवटपर्यंत पायलीतच सांगायची. 3390 चं तसंच झालंय. मला मात्र या डिस्कबद्दल जिव्हाळा आहे तो तिच्या मापामुळे नाही. स्टोरेजमध्ये जागा आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तिने शिकवलं.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणावा अशी डिस्क 1956 ची. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये आयबीएमने 1952 साली एक छोटी प्रयोगशाळा उघडली आणि ती रेनॉल्ड जॉन्सन यांच्या हाती दिली. जॉन्सन मुळात शाळामास्तर. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र करून त्यांनी आयबीएमचं दार उघडलं होतं. त्यांच्या चमूने रॅमॅक संगणकासाठी 350 ही डिस्क बनवली. 24 इंच व्यासाच्या 50 चकत्या एकावर एक, वजन टनाच्या घरात, क्षमता 50 लाख अक्षरं. हवी ती नोंद शोधायला सरासरी 600 मिलिसेकंद लागत.

आता 3390 च्या तिसऱ्या मॉडेलशी तुलना करा. 3,339 सिलिंडर, दर सिलिंडरला 15 ट्रॅक, म्हणजे एका व्होल्यूमवर (मेनफ्रेमला दिसणाऱ्या एका डिस्कवर) जवळजवळ 284 कोटी बाइट. जागा साडेपाचशे पटींहून जास्त वाढली. आणि वेळ? वाचणारा हात हव्या त्या सिलिंडरवर जायला सरासरी 15 मिलिसेकंद. चकतीचा एक फेरा 14 मिलिसेकंदांचा, त्यामुळे हवा तो भाग हाताखाली येईपर्यंत सरासरी 7. मग 4 किलोबाइटचा ब्लॉक वाचायला एक. बेरीज 23. रॅमॅकच्या 600 शी ताडून पाहिलं तर वेग पंचवीस-तीस पटींच्या आतच वाढला. कोठार साडेपाचशे पट मोठं झालं, पण दाराची रुंदी त्या मानाने वाढली नाही. क्षमतेचं नियोजन करणाऱ्याचं सगळं दुखणं या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे.

23 मिलिसेकंदांचं काम एका सेकंदात जास्तीत जास्त 43 वेळा होईल. फाइली जवळजवळ ठेवल्या, हाताला लांब पळावं लागलं नाही, तर थोडं जास्त. पण 43 मागण्या येणार म्हणून 43 ची सोय केली, असं करून चालत नाही, कारण मागण्या रांग लावून, एकमेकींमध्ये नेमकं अंतर ठेवून येत नाहीत. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग यांनी 1909 मध्ये फोनच्या संदर्भात याचं गणित मांडायला सुरुवात केली, आणि तेच गणित डिस्कलाही लागू पडतं. अगदी साध्या रूपात सांगायचं तर डिस्क निम्मा वेळ कामात असेल तर उत्तराला दुप्पट वेळ लागतो, 80 टक्के वेळ कामात असेल तर पाचपट, 90 टक्के असेल तर दहापट. 23 चे 230 होतात. 80 वरून 90 वर जाताना काम आठवा हिस्सा वाढतं आणि वाट पाहणं दुप्पट होतं. रेशनच्या दुकानात काटा एकच असला की हे दिसतं: चार माणसं वाढतात आणि रांग कोपऱ्यावर जाते. आत धान्याची पोती कितीही रचलेली असोत.

हे मी पुस्तकात वाचलं होतं. पटलं ते एका रात्री. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका बँकेच्या संगणक केंद्रात होतो. खात्यांवर सहामाही व्याज लावण्याची रात्र होती. बॅच सकाळी सहाला संपायला हवी होती, चार वाजले तरी ती निम्म्यावर. प्रोसेसर निवांत होता. डिस्कची जागा निम्मी रिकामी होती, तशी नोंद महिन्याच्या अहवालातही होती, म्हणून कुणाला काळजी नव्हती. एका वरिष्ठ सहकाऱ्याने आरएमएफ या मेनफ्रेमची कामगिरी मोजणाऱ्या साधनाचा छापील अहवाल पुढ्यात घेतला आणि पेनाने एका ओळीवर रेघ ओढली. त्या अहवालात प्रत्येक व्होल्यूमच्या रिस्पॉन्स टाइमचे चार तुकडे छापलेले असतात: मागणी मेनफ्रेममध्येच अडकली तो वेळ, निघाली पण वाटेत थांबली तो, चकती-हाताच्या हालचालीत गेला तो, आणि प्रत्यक्ष डेटा वाहिला तो. त्या ओळीत एकूण होते 90 मिलिसेकंद आणि त्यातले 70 पहिल्या रकान्यात. म्हणजे डिस्कपर्यंत मागणी पोचतच नव्हती, दारातच उभी होती. खात्यांची अनुक्रमणिका आणि खातेवही, रात्रभर सगळ्यात जास्त लागणाऱ्या दोन फाइली, एकाच व्होल्यूमवर होत्या. का, तर तिथे जागा होती म्हणून. शाखा त्या दिवशी उशिरा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी एक फाइल हलवली. नवी डिस्क घेतली नाही, एक रुपया खर्च झाला नाही, आणि पुढची सहामाही बॅच पाचच्या आत संपली.

तो पहिला रकाना इतका फुगण्याला एक जुनं कारण होतं. 1964 च्या सिस्टिम/360 पासून मेनफ्रेमचा नियम असा, की एका उपकरणाला एका वेळी एकच मागणी पाठवायची. हात एकच, तेव्हा ते रास्तच होतं. पुढे डिस्कपुढे कॅश, म्हणजे वेगवान तात्पुरती स्मृती, आली, नव्वदच्या दशकात रेड पद्धतीने एक व्होल्यूम अनेक छोट्या डिस्कांवर पसरला, तरी नियम तोच राहिला. आतले हात अनेक, पण दारात एकच माणूस सोडणारा पहारेकरी. 1999 मध्ये आयबीएमच्या शार्क या स्टोरेजबरोबर एका व्होल्यूमला अनेक टोपणपत्ते देण्याची सोय आली, तेव्हा कुठे हा पहारा उठला. हात एकच असण्यामुळे पडलेली अट हात अनेक झाल्यावरही बरीच वर्षं टिकली होती.

कॅशनेही नियोजकांना फसवलं, ते वेगळ्या प्रकारे. शंभरातल्या 90 मागण्या कॅशमधूनच भागत असतील तर मागच्या डिस्कवर 10 जातात. नवी कामं आली, कॅश अपुरी पडली, प्रमाण 80 वर आलं. अहवालात हा फरक किरकोळ वाटतो. पण डिस्कवर आता 20 जातात, म्हणजे भार दुप्पट. लिहिण्याचं तर आणखी अवघड: रेड-5 मध्ये एक लहानसा ब्लॉक बदलायचा तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (डिस्क बिघडली तर डेटा परत मिळवण्यासाठीची जोडनोंद) वाचा, दोन्ही नव्याने लिहा, अशी चार कामं पडतात. त्यामुळे माझ्याकडे कुणी ‘अमुक टेराबाइट लागतील’ अशी मागणी घेऊन आलं, की मी आधी विचारतो, सेकंदाला किती मागण्या, त्यात लिहिण्याच्या किती, आणि उत्तर किती वेळात हवं. या तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत मी टेराबाइटांच्या आकड्याला हात लावत नाही.

फ्लॅश आल्यावर हे सगळं संपेल असं बऱ्याच जणांना वाटलं. हात गेला, फेरा गेला, उत्तर मिलिसेकंदाच्या काही अंशात येऊ लागलं. रांग मात्र संपली नाही, तिने जागा बदलली. मोठ्या बँकेला डेटाची दुसरी प्रत दूरच्या केंद्रात ठेवावी लागते. ती त्याच क्षणी लिहून ‘झालं’ म्हणायचं असेल, तर काचेच्या तारेतून प्रकाशाला एका किलोमीटरला सुमारे 5 मायक्रोसेकंद लागतात. मुंबई ते पुणे 150 किलोमीटर धरा, जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद झाला. फ्लॅशने वाचवलेला वेळ एक्सप्रेस-वेवर खर्च झाला म्हणायचा. चकतीवरचा हात दोन-चार इंच सरकायचा, त्याच्या जागी आता हे अंतर आलंय, आणि ते कुठलाही कारखाना कमी करू शकत नाही.

3390 स्वतः मात्र वाढतेच आहे. सिलिंडरचा क्रमांक 16 बिटांत लिहायची पद्धत असल्याने एक व्होल्यूम 65,520 सिलिंडरांच्या पलीकडे जाऊ शकत नव्हता. ती मर्यादा ओलांडायची वाट 2008 मध्ये काढली गेली आणि पुढे ती 11,82,006 सिलिंडरांपर्यंत पोचली, साधारण एक टेराबाइट. दर सिलिंडरला अजूनही 15 ट्रॅक, दर ट्रॅकला 56,664 बाइट. एवढ्या वर्तुळांची चकती कुठल्याही कारखान्यात कधी घडली नाही. मी रोज तिच्यावर जागा देतो, आणि देण्याआधी शेजारी कोण आहे ते बघतो.