अवजाराचें पाणी

शिरूरकडील मुरमाड माळावर पहारीचें टोंक मोडतें. दौंडकडील भीमाकांठच्या उसांत कोयत्याची धार दोन दिवसांत वळते. दोन्ही वेळां आपण लोखंडास बोल लावतों. पुष्कळदां दोष त्यास दिलेल्या पाण्याचा असतो.

गेल्या हंगामांत प्रस्तुत लेखकाच्या शेतांत नव्या कोयत्याचा कपचा उडून तोडणी करणाऱ्या बाईच्या गालास लागला. डोळा थोडक्यांत वांचला. घाई माझी होती. कोयता विझवितांच मीं तो लोहाराकडून उचलून आणला होता.

पोलाद म्हणजे लोखंड व किंचित् कर्ब. मऊ सळईंत कर्ब फारच थोडा, म्हणून ती कितीही तापवून बुडविली तरी तिला धार धरत नाहीं. मोटारीच्या जुन्या पाट्यांत तो शेंकडा अर्ध्याहून अधिक असतो, म्हणून लोहार कोयत्यासाठीं पाटा पसंत करतो.

असें पोलाद सुमारें ७३० अंश सेंटिग्रेडच्या वर गेलें कीं त्याची आंतील घडण पालटूं लागते, व ८०० अंशांच्या सुमारास सर्व कर्ब लोखंडांत विरघळतो. तें सावकाश निवालें तर कर्ब पुन्हां वेगळा होतो व पोलाद मऊ राहतें. एकदम बुडविलें तर कर्बास बाहेर पडण्यास अवधि मिळत नाहीं. तो आंतच अडकून घडणीवर ताण पाडतो. त्यामुळें पोलाद अत्यंत कठीण, पण कांचेप्रमाणें ठिसूळ होतें.

म्हणून दुसरी पायरी अवश्य आहे. विझविलेली धार घांसून चकचकीत करावी व मंद आंचेवर पुन्हां तापवावी. २२० ते २३० अंशांस तिजवर गवती पिवळा रंग येतो, २५५ च्या सुमारास तपकिरी, २८० ला जांभळा व ३०० ला निळा. रंग जसा पुढें जातो तसा कठीणपणा थोडा उतरतो व चिवटपणा वाढतो. कोयत्यास तपकिरी ते जांभळा रंग पुरे. दगडावर आदळणाऱ्या पहारीस जांभळ्याच्या पुढें, निळ्यापर्यंत न्यावें.

यंत्राच्या कोरड्या सहाणेवर धार लावतांना ती निळी पडली, तर तेवढ्या भागाचें पाणी उतरलें असें समजावें. मधून मधून पाण्यांत बुडवीत धार लावावी.

तोडणी सुरू होण्यापूर्वींच अवजारें शेवटून घ्यावीं, व लोहारास दुसऱ्या पायरीपुरती उसंत द्यावी. तिला घटकाभरही लागत नाहीं.