शाळा संपली, आता हाताला काम हवे

शाळेच्या हजेरीपटावर नाव असते तोवर दिव्यांग मुलाची विचारपूस होते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो, तपासणी शिबिराला नेले जाते, गैरहजर राहिला तर घरी निरोप जातो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. पण अठरावे वर्ष सरते, नाव कमी होते आणि तो मुलगा आमच्याही नजरेआड होतो. शिक्षक म्हणून आम्हाला ही गोष्ट वर्षानुवर्षे बोचत आली आहे.

पुढे त्याचे काय होते, हे अहेरी-आलापल्लीकडच्या कुठल्याही मोहल्ल्यात दिसेल. पडवीत एक खाट असते, हातात मोबाइल असतो. अम्मी वेळेवर जेवू घालते, भाऊ कपडे आणून देतो. घरचे प्रेमाने म्हणतात, "त्याला काय कमी आहे? बसून खाऊ दे." मात्र रात्री दिवा मालवल्यावर त्याच आई-वडिलांच्या मनात एकच प्रश्न असतो, आमच्यामागे याचे कसे होणार? भाऊ सांभाळीलही, पण भावालाही संसार आहे. घराचा वाटा नावावर केला तरी दिवस कसा जाणार, हा प्रश्न उरतोच. जो आज चार पैसे कमावतो, ठरलेल्या वेळी घराबाहेर पडतो, ज्याला चार लोक नावाने ओळखतात, त्याची चिंता थोडी तरी हलकी होते.

याचे मोठे उदाहरण शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ आनंदवन आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि दोन वर्षांनी, मोजक्या कुष्ठरुग्णांना घेऊन, माळरानावर काम सुरू केले. बोटे झडलेल्या हातांनी विहीर खणली, जमीन कसली. पुढे तेथे अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा निघाल्या आणि प्रौढ दिव्यांगांना धंदेशिक्षण देणारे 'संधिनिकेतन' उभे राहिले. हातमाग, सतरंज्या, शिवणकाम, सुतारकाम, भेटकार्डे अशी अनेक कामे तेथे चालत आली आहेत. दान माणसाला दुबळे करते आणि काम त्याला उभे करते, हा बाबांचा विचार होता.

बाजाराची अडचण आनंदवनालाही आली. कुष्ठरुग्णांच्या हातचे दूध-भाजी घ्यायला सुरुवातीला गावकरी कचरत. १९५४ च्या सुमारास 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल'चे परदेशी तरुण तेथे येऊन राहिले. त्यांनी रुग्णांच्या बरोबरीने बांधकाम केले. त्यांना पाहायला वरोऱ्याचे लोक येऊ लागले आणि मनातली भीती ओसरत गेली. यातून शिकण्यासारखी गोष्ट अशी, की वस्तू चांगली बनवणे जेवढे गरजेचे, तेवढेच ती विकत घेणारा माणूस जोडणे गरजेचे आहे.

असे काम जमते कसे? कामाचे तुकडे करून. आपल्या भागातील पत्रावळीचे उदाहरण घ्या. पाने निवडणे, पुसणे, जुळवणे, शिवणे किंवा यंत्रात दाबणे, मोजणे आणि गठ्ठा बांधणे असे हे सहा टप्पे आहेत. एका पायाने अधू असलेली मुलगी बसल्या जागी यंत्र चालवील. ज्याला ऐकू येत नाही तो पाने निवडील. ज्याला आकडे समजत नाहीत त्याला पंचवीस खाच्यांची एक लाकडी पाटी द्यावी. प्रत्येक खाच्यात एक पत्रावळ उभी करायची, पाटी भरली की गठ्ठा बांधायचा. मोजणी पाटीने केली, काम मात्र त्याचेच झाले.

ही युक्ती नवी नाही. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) दृष्टिहीन होते. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी त्यांना मदिनेत अजान देण्याचे काम सोपवले होते. हजरत बिलाल (रजि.) रात्र असतानाच अजान देत आणि रमजानमध्ये लोक इब्न उम्मे मक्तूम यांच्या अजानपर्यंत खातपीत. पहाट झाली की लोक त्यांना सांगत, मग ते अजान देत. उजाडलेले पाहणे एवढेच त्यांना जमत नव्हते. तेवढी मदत इतरांनी केली. बाकी जबाबदारी पूर्ण त्यांची होती आणि साऱ्या वस्तीचे रोजे त्यांच्या आवाजावर सुरू होत. दिव्यांगाला जिथे अडते तेवढाच हात द्यावा, सगळे काम काढून घेऊ नये, हे याहून स्पष्ट कसे सांगणार?

आपल्या समाजातील एका आईचे नावही येथे घेतले पाहिजे. स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेल्या मुंबईच्या फातिमा इस्माईल यांच्या लेकीला पोलिओ झाला. लेकीच्या उपचारांसाठी वणवण केल्यावर त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. १९४७ मध्ये त्यांनी इतर मुलांसाठीही उपचाराची सोय उभी केली आणि त्यातून पुढे हाजीअलीचे मुलांचे रुग्णालय उभे राहिले. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पुढे त्या राज्यसभेवरही गेल्या. घरातले दुःख घरात झाकून ठेवले असते तर यातले काहीच घडले नसते.

दिव्यांगांसाठी वेगळी कार्यशाळा असावी की सर्वांबरोबर काम असावे, यावर जगभर वाद आहे. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर 'रेम्प्लॉय' नावाचे कारखाने सरकारने काढले. अनेक दशकांनी, २०१२-१३ मध्ये, ते बंद करण्यात आले. लोकांना वेगळे ठेवण्याऐवजी खुल्या नोकऱ्यांत मदत करावी, असे सरकारचे म्हणणे होते. कामगारांनी मात्र आंदोलने केली, कारण हातचे काम जात होते. आम्हाला वाटते, आपल्यासारख्या जंगलभागात जिथे कारखानेच कमी, तिथे दोन्ही वाटा उघड्या असाव्यात. ज्याला जमेल त्याने बाजारातल्या दुकानात काम करावे. ज्याला सतत सोबत लागते त्याच्यासाठी चार-सहा जणांची छोटी कार्यशाळा असावी. कुठेही असो, मजुरी मिळालीच पाहिजे. मजुरीवाचून ते काम राहत नाही, वेळ घालवणे होते.

मुलींविषयी थोडे वेगळे बोलावे लागेल. दिव्यांग मुलगा निदान चौकापर्यंत जातो, मुलगी दारातही येत नाही. सुरक्षेची काळजी खरी आहे, पण त्यावर उपाय सोबतीचा आहे, कोंडण्याचा नाही. मोहल्ल्यातील तीन-चार बायका शिवण-भरतकामाला एका घरी बसत असतील तर तिलाही तेथे बसवा. काज-बटण, तुरपाई, इस्त्री यांतले एक काम तिच्या नावाने ठरवा आणि पैसे तिच्याच हातात द्या.

कायद्यानेही काही दारे उघडली आहेत. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य झाले आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असणाऱ्यांना शासकीय नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे आणि त्यात बौद्धिक दिव्यांग व स्वमग्न व्यक्तींचाही वाटा आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उठून याचा हिशेब विचारा आणि त्यातून पत्रावळीचे यंत्र किंवा शिलाई मशीन मागा. बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला अठरा पूर्ण झाल्यावर पालकत्वाची गरज असेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करता येतो.

जमातीनेही आपला वाटा उचलावा. रमजानमध्ये आपण दिव्यांगाच्या हातावर नोटा ठेवतो, ईदपर्यंत त्या संपतात. चार घरांची जकात एकत्र करून गरजू दिव्यांगाला कामाचे साधन त्याच्या मालकीचे करून देता येईल का, हे आपल्या मौलवीसाहेबांना विचारावे. दुकानदार भावांनी पुड्या बांधणे, माल लावणे, पंक्चर काढणे असे एखादे काम राखून ठेवावे.

आणि घरच्यांनी सुरुवात घरातूनच करावी. आपला मुलगा किंवा मुलगी काय करू शकत नाही, याची यादी आपल्याला तोंडपाठ आहे. आता काय करता येते, ते कागदावर लिहा. पाने निवडता येतात, दार उघडता येते, पाहुण्याला सलाम करता येतो, हेही लिहा. त्यातले एक काम रोज ठरल्या वेळी त्याच्याकडे द्या. उशीर झाला, चुकले, तरी हातातून ओढून घेऊ नका. धंदेशिक्षणाचा पहिला धडा असा घरातच होतो.